आठ कॉलम, अठ्ठावीस दिवस

१७ डिसेंबर, सोमवार

आज एक गाडी परत आली. पाच घनमीटर काँक्रीट, साइटवर एक पाटीही न उतरवता. मी त्या गाडीबरोबर गेले होते आणि तिच्याच केबिनमध्ये बसून परत आले.

साइटवरच्या मुकादमाने माझ्यासमोरच चाचणी घेतली. लोखंडी शंकूत माल भरला, शंकू वर उचलला. ढीग दीडशे मिलिमीटर खाली बसायला हवा होता, तो नव्वदवर अडला. "मॅडम, हे पंपात घातलं तर पंप माझ्या नावाने शंख करेल," तो म्हणाला. "मारू का दोन बादल्या पाणी?"

मी नाही म्हटलं. पाण्याने माल वाहतो, पण ताकद जाते. म्हणून तर आपण केमिकल घालतो. तपकिरी, काकवीसारखं घट्ट द्रव, घनमीटरला तीन किलो दोनशे ग्रॅम. पाणी न वाढवता माल सैल होतो. मी हे समजावत होते तेव्हा मुकादम खिशात काडेपेटी शोधत होता.

मॅनेजरने यार्डातच, ड्रायव्हर आणि लोडरवाल्यासमोर विचारलं, "तुम्हाला नेमकं कशासाठी ठेवलंय?" मी म्हटलं, कारण शोधते. वर पॅनेल रूमच्या खिडकीत ऑपरेटर उभे होते.

ऑपरेटर म्हणजे माझे बाबा. प्लँटवर मी हे उच्चारत नाही. पहिल्याच दिवशी आमचं ठरलं, खरं तर मी ठरवलं, की फाटकाच्या आत ते ऑपरेटर आणि मी लॅब. एकत्र जेवण नाही, सल्ला तर नाहीच. ते एकवीस वर्षं ते पॅनेल चालवताहेत. माझी नोकरी त्यांच्या ओळखीने लागली असं कुणी म्हणायला नको. त्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "फाटकाच्या बाहेर तरी बाबा ना?" आई हसली. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही.

१९ डिसेंबर, बुधवार

कालपासून माल उत्तम येतोय. १५५, १६०, १५५. मी काहीच बदललेलं नाही. वाळूची नवी खेप काल आली, तेवढाच फरक. कारण न कळता झालेली सुधारणा मला बिघाडाइतकीच खटकते.

मुकादम फोनवर म्हणाला, "आज लोण्यासारखा माल. हात फिरला वाटतं कुणाचा तरी." मी म्हटलं, हात फिरत नाही, संगणक प्रमाण घेतो.

तशी नोटीसही मीच लावली आहे पॅनेल रूममध्ये, गेल्या महिन्यात. 'मिक्सरमध्ये हाताने काहीही घालू नये.' ड्रायव्हर लोक परस्पर पाणी मारतात म्हणून लावली. ऑपरेटर ती वाचून म्हणाले होते, "मॅडम, अक्षर छान आहे."

२८ डिसेंबर, शुक्रवार

आईने बाबांचा शर्ट माझ्यापुढे धरला. उजव्या बाहीवर तपकिरी डाग, मनगटापासून कोपरापर्यंत. "साबणाने हलत नाही. तुझ्या शास्त्रात काही उपाय आहे का याला?"

मी म्हटलं, वाळायच्या आत कोमट पाणी. आणि वहीत लिहिलं: केमिकलच्या पाइपला गळती आहे का, पाहणे.

"अहो, गळतीखाली उभे राहता का तुम्ही?" आईने विचारलं. बाबा म्हणाले, "शर्ट जुनाच आहे." मग गुडघ्याला तेल लावत बसले. आठवडाभर गुडघा दुखतोय म्हणतात. दिवसभर खुर्चीत बसायचं काम, बसूनच आखडला असेल. मी त्यांना दर तासाला उठून चालायला सांगितलं. ते हो म्हणाले.

"घरात दोन काँक्रीटवाले," आई म्हणाली, "आणि न्हाणीघरातली फरशी सहा महिने हलतेय."

१३ जानेवारी, रविवार

प्लँट बंद होता. एकटीने केमिकलचा पंप तपासला. हे काम दर महिन्याला व्हायला हवं, माझ्याकडून पंधरा दिवस उशीर झाला. पाइप सोडवून बादलीत धरला, तराजूवर वजन केलं. असं पाच वेळा. पडद्यावर ३.२ किलो दिसतात, बादलीत २.२ येतात. प्रत्येक वेळी.

म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश केमिकल मालात जातच नाही. डिसेंबरात गाडी परत का आली ते कळलं. त्यानंतरचे चार आठवडे माल चांगला कसा आला, ते कळलं नाही. नवी वाळू स्वच्छ आहे, तिला केमिकल कमी लागत असेल. हे उत्तर मला पूर्ण पटत नाही, पण उद्या सकाळी दवाखान्याच्या इमारतीचे आठ कॉलम आहेत.

पंपाचे सुटे भाग मागवले. तोवर संगणकात ३.२ च्या जागी ४.६५ आकडा टाकला, म्हणजे प्रत्यक्षात ३.२ जाईल. माझ्या पासवर्डने. लॅबच्या वहीत नोंद केली.

१४ जानेवारी, सोमवार

सकाळी सात अंश. टाकीत अजून उन्हाळ्याचंच केमिकल आहे, माल उशिरा घट्ट होऊ देणारं. ते संपल्याशिवाय नवं घ्यायचं नाही असा मॅनेजरचा हुकूम.

पहिल्या बॅचनंतर वॉकीवर ऑपरेटर बोलले. "लॅब, आज माल फार सैल वाटतोय. मिक्सरचा आवाज हलका आहे."

"वाटणं नको. मोटारचा अ‍ॅम्पिअरचा आकडा सांगा."

मग म्हणाले, "अडतीस. एरवी सेहेचाळीस असतो."

मी नमुना घेतला. २१५. वाळूत रात्रीचं दव असणार. दुसऱ्या बॅचपासून घनमीटरला आठ लिटर पाणी कमी केलं. माल १९० वर आला, चालण्यासारखा. दहा बॅच, दोन गाड्या, आठ कॉलम. चार वाजता शेवटचा कॉलम भरला. मुकादम खूश. "मॅडम, आज तर माल स्वतःच्या पायाने चालत गेला."

१५ जानेवारी, मंगळवार

सकाळी दहाला मुकादमाचा फोन. "या आणि बघा. मी काही बोलत नाही."

पहिल्या कॉलमच्या माथ्यावर मी खिळा ठेवला आणि बोटाने दाबला. पूर्ण आत गेला. तिथे भरून चोवीस तास झाले होते. एव्हाना माथ्यावर हातोडीचा ठणका वाजायला हवा होता. आठही कॉलम तसेच.

प्लँटवर येऊन माझे क्यूब पाहिले, त्याच मालाचे लोखंडी साच्यातले ठोकळे. अंगठ्याचा ठसा उमटला. रेषांसकट.

मॅनेजरने दार लावून घेतलं. "इमारतीचा सल्लागार गुरुवारी येतोय. तोडा म्हणाला तर आठही कॉलम आपल्या अंगावर. मालकांनी सांगितलंय, तसं झालं तर एकजण घरी जाईल. कोण, ते तुमचा अहवाल ठरवेल."

मी मुकादमाला लेखी दिलं: शटरिंगच्या फळ्यांना हात लावू नका, ओली गोणपाटं गुंडाळा, आजूबाजूला ठोकाठोकी नको. केमिकल जास्त झालं असेल तर माल मेलेला नसतो, झोपलेला असतो. झोपेत धक्का लागला तर मात्र कायमचा जातो. मी असं लिहिलं नाही. 'व्यत्यय टाळावा' असं लिहिलं.

संध्याकाळी पाचला मुकादमाने आठव्या कॉलमचं शटरिंग खोललं. आपल्या मालकाला, म्हणजे ठेकेदाराला दाखवायला, की बघा, माल नाहीच हा. गुडघ्यापर्यंतचा कोपरा फळीबरोबर निघून आला, सळ्या उघड्या पडल्या. मी पोचले तेव्हा तो ती फळी परत दाबून बसवत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "सात तरी आहेत."

घरी बाबा जेवले नाहीत. आईने विचारलं, काय झालं दोघांना. मी म्हटलं, कामाचं आहे. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि न जेवलेलं ताट उचलून आत नेलं.

१६ जानेवारी, बुधवार

दुपारी दोन. क्यूब घट्ट झाले. साइटवर सातही कॉलम घट्ट. पन्नास तास लागले. घट्ट झाले म्हणजे ताकद येईलच असं नाही.

आकडे जुळत नव्हते. ३.२ किलोने, कितीही थंडी असली तरी, पन्नास तास लागत नाहीत. म्हणून टाकीत पट्टी बुडवली. सोमवारी सकाळी मीच मोजलं होतं, आणि या दहा बॅचनंतर दुसरा माल निघालेला नाही. माझ्या हिशेबाने बत्तीस किलो जायला हवं होतं. गेलं होतं बेचाळीस. दहा किलो जास्त, दहा बॅच. बॅचला बरोबर एक किलो.

पंप चुकतो तेव्हा इतका नेमका चुकत नाही. नेमकं माणूस असतं.

पॅनेल रूमचा जिना चढले. ऑपरेटर एकटेच होते. शिडीशेजारी प्लॅस्टिकचा मग होता, आतून तपकिरी. तिथून मिक्सरच्या झाकणापर्यंत अकरा पायऱ्या आहेत.

"किती?" मी विचारलं.

"बॅचला एक."

"कधीपासून?"

"अठरा डिसेंबर."

"कुणी सांगितलं होतं?"

"मिक्सरने. कोरडा ओढत होता. एक मग घातला की सुरात यायचा."

मी मगात केमिकल भरून तराजूवर ठेवलं. एक किलो वीस ग्रॅम. पंप जेवढं कमी देत होता तेवढं, तराजूशिवाय. मी रविवारी पंपाचा आकडा वाढवला आणि त्यांना सांगितलं नाही. त्यांनी चार आठवडे मग घातला आणि मला सांगितलं नाही. आम्ही दोघं एकेकटे बरोबर होतो.

"सोमवारी सैल लागला तेव्हा तरी थांबायचं."

"तू पाणी कमी केलंस. म्हटलं, पोरीने धरलंय ते. आता मग थांबवला तर पुन्हा कोरडा पडेल आणि पुन्हा..."

"मला सांगितलं का नाही?"

"तू ऐकलं नसतंस. नोटीस आहे." मग ते म्हणाले, "त्या दिवशी परत आलेल्या गाडीत तू बसली होतीस."

मी म्हटलं, गाडीत कोण बसलं होतं त्याचा प्रमाणाशी संबंध नाही. ते म्हणाले, "नाही ना. बरोबर." मी मग धुऊन ठेवला आणि खाली आले. 

१७ जानेवारी, गुरुवार

सल्लागार आला. कमी बोलणारा माणूस, त्यामुळे बरा वाटला. आठवा कॉलम जाणार, हे त्याने कोपरा बघताच सांगितलं. बाकीचे सात, अठ्ठावीस दिवसांनी क्यूब यंत्रात दाबून फोडल्यावर ठरतील. ताकदीचा आकडा चाळीसच्या वर आला तर राहतील, खाली आला तर तेही तोडायचे. तोवर वरच्या मजल्यावर एक वीटही चढणार नाही.

मॅनेजरने कोरा कागद पुढे सरकवला. "दोन ओळी. ऑपरेटरने नोटीस मोडून हाताने केमिकल घातलं. खोटं आहे का यात काही?"

"नाही."

"मग लिहा. तुमची नोकरी सुरू व्हायची आहे अजून, त्यांची होत आली. तेही हेच म्हणताहेत. विचारा घरी."

घरी विचारलं नाही. बाबांनीच काढलं. "माझं नाव लिही आणि मोकळी हो."

"अहवाल मोकळं होण्यासाठी नसतो."

"मग कशासाठी असतो?"

"पुढच्या माणसाला कळावं म्हणून."

"अगं, तू यांना वाचवतेस की बुडवतेस?" आईने विचारलं. मी म्हटलं, दोन्ही नाही. आई म्हणाली, "तुम्हा दोघांना एका खोलीत कोंडून बाहेरून कडी लावायला हवी होती. डिसेंबरातच."

अहवाल दीड पान झाला. एक: पंपाची तपासणी पंधरा दिवस उशिरा, जबाबदारी लॅब. दोन: आकडा बदलल्याची नोंद पॅनेलच्या शिफ्ट बुकात केली नाही, ऑपरेटरला कळवलं नाही, जबाबदारी लॅब. तीन: ऑपरेटरने हाताने केमिकल घातलं. खाली सही केली. तिसरा मुद्दा लिहायला पहिल्या दोनपेक्षा जास्त वेळ लागला. वाक्य सर्वांत लहान आहे.

२१ जानेवारी, सोमवार

सात दिवसांचे क्यूब फोडले. २४, २३, २४. एरवी अठ्ठावीसच्या पुढे असतात.

मॅनेजरने आकडा ऐकला आणि खुर्ची खिडकीकडे फिरवली. बाबांना आजपासून वजनकाट्यावर बसवलंय. पॅनेलवर दुसऱ्या प्लँटचा माणूस आणला. त्याने मला विचारलं, "हा मिक्सर असा कण्हतो का नेहमी?" मला माहीत नव्हतं. मी वजनकाट्यावर विचारायला गेले नाही.

उशिरा जागा झालेला माल सुरुवातीला मागे असतो, नंतर गाठतो. पुस्तकात आहे. त्याच पुस्तकात 'बहुधा' हा शब्दही आहे.

२ फेब्रुवारी, शनिवार

उरलेले तीन क्यूब पाण्याच्या टाकीत आहेत. आज ते मी दोनदा पाहिले. पाहून काही कळत नाही. पाण्याचं तापमान सत्तावीस, बरोबर.

बाबा घरी काट्याच्या गमती सांगतात. एका ड्रायव्हरने भरलेली गाडी तोलताना दोन मित्रांना केबिनमध्ये लपवलं होतं, म्हणजे खडी तेवढी कमी भरून चालेल. बाबांनी त्याला विचारलं, "गाडी बाळंत व्हायची आहे का?" आई पोट धरून हसली. बाबा हसले नाहीत. जेवताना ते बोटांनी ताटाच्या कडेवर ताल धरतात, हे मी आधी पाहिलं नव्हतं. की आधी धरत नव्हते?

११ फेब्रुवारी, सोमवार

सल्लागार स्वतः हजर होता. पहिला क्यूब यंत्रात ठेवला. चाळीस ओलांडलं तेव्हा मी काट्याकडे बघणं सोडून सल्लागाराच्या बुटांकडे बघत होते. फुटल्याचा आवाज आला. ५१. मग ५३, मग ५२.

"हे चाळीसचंच मिश्रण ना?" त्याने विचारलं.

मी सांगितलं: घनमीटरला आठ लिटर पाणी कमी होतं, आणि सावकाश घट्ट झालेलं काँक्रीट शेवटी जास्त भरतं. त्याने मान हलवली, सही केली. सात कॉलम राहिले. आठवा ठेकेदाराच्या खर्चाने, कारण शटरिंग त्याच्या मुकादमाने खोललं.

मॅनेजर सगळ्यांशी हात मिळवत होता. गर्दी पांगल्यावर मी विचारलं, ऑपरेटर पॅनेलवर परत कधी.

"ते काट्यावरच राहतील. मालकांचा निर्णय आहे."

"तीनपैकी दोन चुका माझ्या होत्या. मी लिहून दिलंय."

"वाचलंय. पण तुमच्या दोन चुकांबद्दल कुठे नोटीस नव्हती. त्यांच्या एका चुकीबद्दल होती." त्याला बरं वाटत नव्हतं असं आता लिहिताना वाटतं, तेव्हा वाटलं नाही. "आणि मॅडम, ती तुमच्याच अक्षरात आहे."

घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "बावन्न म्हणजे सरासरी ना? जास्तीत जास्त किती आला?"

"त्रेपन्न."

"त्रेपन्न," ते म्हणाले, आणि उठून हात धुवायला गेले.

१७ फेब्रुवारी, रविवार

आठवा कॉलम आज तोडला. काम आमचं नाही, तरी गेले. बाबाही निघाले. मी बोलावलं नव्हतं.

तोडणाऱ्याला कुणीतरी सांगितलं होतं की माल कच्चा आहे. तो एकटाच आला होता, दुपारपर्यंत मोकळा होतो म्हणून घरी सांगून. खालचा फुटका कोपरा लवकर निघाला. वर मात्र यंत्र नुसतं नाचत होतं. अकराला पहिलं टोक मोडलं, दीडला दुसरं. तिसरं मोडल्यावर तो यंत्र खाली ठेवून आमच्याकडे आला.

"ताई, हा कच्चा?"

"खालचा कोपराच कच्चा होता."

"मग कोपऱ्यासाठी अख्खा कशाला मारताय?"

मी सांगितलं, तडा वर कुठपर्यंत गेलाय ते दिसत नाही आणि वर दवाखाना उभा राहायचा आहे. त्याने बाबांकडे बघितलं. "काका, तुम्हीच सांगा हिला."

"ती बरोबर सांगतेय," बाबा म्हणाले. "मार तू."

तो दुसऱ्या माणसाला बोलावून आला. बाबा दिवसभर उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसून होते. दर घावाला त्यांची मान किंचित कलायची. मुकादम लांबून गेला, जवळ आला नाही.

साडेपाचला शेवटचा तुकडा पडला. बाबांनी मुठीएवढा एक उचलला, धूळ फुंकली आणि तुटलेली बाजू माझ्यासमोर धरली. खडीचा प्रत्येक दगड मधून चिरला होता. कमजोर मालात दगड अख्खे निसटून येतात, मागे खळगा राहतो. इथे एकही खळगा नव्हता.

"खडी फुटलीय, सुटली नाही," मी म्हटलं.

"दिसतंय मला." ते तुकडा हातात फिरवत राहिले. "पाण्यामुळे ना? आठ लिटर कमी केलंस त्यामुळे."

"बरंचसं."

"चांगलं केलंस."

वाळू ओली आहे असं समजून मी ते पाणी कमी केलं होतं. वाळू ओली नव्हती. तो सैलपणा त्यांच्या मगाचा होता. हे त्यांना माहीत आहे, अहवाल त्यांनी दोनदा वाचलाय. मी दुरुस्त करायला तोंड उघडलं. मग विचारलं, "उद्या मिक्सर कण्हत असेल तर तो कशासाठी कण्हतो, ते कसं ओळखायचं?"

ते बादलीवरून उठले, गुडघ्यावर हात ठेवून, दोन टप्प्यांत. "सांगून नाही कळायचं," म्हणाले. "सकाळी सातला ये. मी काटा उघडायच्या आत अर्धा तास असतो."